फेटलिंगची धूळ, टीबीचे दोन कोर्स आणि 50 हजारांचा कागद

पत्र : माझे मिस्टर 44 वर्षांचे आहेत. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत 16 वर्षं फेटलिंगला होते (ओतून काढलेल्या लोखंडी भागांना चिकटलेली वाळू घासून काढायचं काम), हँड ग्राइंडरवर. ठेकेदार तीन बदलले, पण जागा आणि काम तेच. चार वर्षांपासून खोकला आणि दम लागतो. टीबी म्हणून दोनदा औषधं झाली, फरक पडला नाही. 12 मे 2025 पासून घरीच आहेत, आता एक जिनाही चढवत नाही. छातीच्या डॉक्टरांनी ‘सिलिकोसिस’ सांगितलंय, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. शेवटचा पगार 16,500 होता. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापत होते का, ते माहीत नाही. ठेकेदार म्हणतो, 50 हजार देतो, या कागदावर सही करा आणि मुलाला त्यांच्या जागी लावून घेतो. मुलगा 20 वर्षांचा आहे. काय करावं?

उत्तर : ताई, आधी त्या कागदाचं बोलू. सही करू नका, मिस्टरांनाही करू देऊ नका. कागदाचा फोटो मात्र काढून ठेवा, कारण ठेकेदार पैसे द्यायला तयार होता हे त्यातून दिसतं.

नुकसानभरपाईचा हक्क सोडून देणारा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 चं कलम 17 तेच सांगतं. तडजोड करायचीच झाली तर ती या कायद्याखालच्या भरपाई आयुक्तांकडे नोंदवावी लागते (कलम 28). रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदणी न करता दिलेल्या पैशांनी कारखानदार सुटत नाही, पूर्ण रकमेची जबाबदारी त्याच्यावर राहते. म्हणजे दडपणाखाली कुणी आधीच सही केली असली, तरी त्याचा दावा तिथे संपत नाही. पण न केलेली सही केव्हाही बरी. अशा कागदात बहुतेक वेळा ‘वैयक्तिक कारणास्तव काम सोडत आहे’ किंवा ‘आजाराचा कामाशी संबंध नाही’ असं एखादं वाक्य असतं. पुढे उलटतपासणीत त्याच वाक्यावर प्रश्न येतात.

आता पैसे कुठून मिळतील ते बघू. वाटा दोन आहेत आणि दोन्हींचे पैसे एकदम मिळत नाहीत. म्हणून कुठली वाट तुमची, हे आधी ठरवायला हवं.

पहिली वाट ईएसआयची. दहा किंवा जास्त माणसं असलेला कारखाना ईएसआयच्या क्षेत्रात असेल आणि पगार महिना 21,000 पर्यंत असेल, तर कामगार विमाधारक धरला जातो. ठेकेदाराकडचा कामगारही त्यात येतो. 16,500 पगार म्हणजे मिस्टर बहुधा यातच बसतात. पगाराच्या चिठ्ठीवर दहा आकडी विमा क्रमांक आहे का बघा. चिठ्ठी नसेल तर आधार कार्ड घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा आणि नाव शोधायला सांगा.

इथे बरेच दावे अडकतात. ‘आमचे पैसे कापलेच नाहीत, म्हणजे ईएसआय लागू नाही’ असं समजून लोक थेट भरपाई आयुक्तांकडे जातात. चार-पाच वर्षांनी कारखानदार उठून म्हणतो की हा कामगार ईएसआयखाली येतो, दावा इथे चालणार नाही. आणि कायदा त्याच्या बाजूने असतो. वर्गणी भरली नसली तरी कामगार विमाधारकच राहतो आणि मग भरपाई कायद्याचा दरवाजा बंद होतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. वर्गणी भरायची जबाबदारी मूळ कारखानदाराची आहे, ती बुडवली तर ईएसआय महामंडळ त्याच्याकडून वसूल करतं. त्याची शिक्षा कामगाराने भोगायची नाही.

म्हणून शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या : ‘फेटलिंगच्या कामामुळे सिलिकोसिस झाला आहे, व्यवसायजन्य आजार म्हणून विशेष वैद्यकीय मंडळापुढे तपासणी व्हावी.’ दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. नाव सापडत नाही म्हणाले तर तेही लेखी मागा. ‘तोंडी सांगितलं’ याला पुढे किंमत नाही.

मंडळाने कायमचं अपंगत्व ठरवलं की दरमहा पेन्शनसारखी रक्कम आयुष्यभर मिळते. पूर्ण अपंगत्वाला ती सरासरी रोजीच्या 90 टक्के असते, कमी असेल तर त्या प्रमाणात. रोजी 600 धरली तर पूर्ण दर 540 रुपये. मंडळाने 50 टक्के लिहिले तर दिवसाला 270, म्हणजे 30 दिवसांचे 8,100. याच आजाराने मृत्यू झाला तर आश्रितांना 90 टक्क्यांच्या दराने मिळतं, त्यात विधवेचा हिस्सा पाचात तीन. कायमच्या अपंगत्वामुळे काम सुटलेल्याला वर्षाला 120 रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे ईएसआयचे उपचारही चालू ठेवता येतात. ही सोय कुणी आपणहून सांगत नाही, विचारून घ्या. मंडळाचा निर्णय पटला नाही तर ईएसआय न्यायालय आहे.

दुसरी वाट भरपाई आयुक्तांची. ईएसआय लागू नाही असं लेखी हातात आलं, तर ही. कोल्हापुरात कामगार न्यायालयात चौकशी करा. कारखाना जिथे आहे तिथे किंवा तुम्ही राहता तिथेही अर्ज करता येतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे. व्यवसायजन्य आजारांची यादी संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. मिस्टरांचं काम त्याआधी सुटलंय, त्यामुळे हक्क जुन्या कायद्याखालचा. तरी अर्जात दोन्हींचा उल्लेख करायला वकिलांना सांगा, म्हणजे नुसत्या कलमाच्या वादात वर्ष जाणार नाही.

इथला हिशेब असा. पगार कितीही असला तरी मोजणीसाठी 15,000 ची मर्यादा आहे. पूर्ण अपंगत्व असेल तर त्याचे 60 टक्के, म्हणजे 9,000, गुणिले वयाचा गुणक. 44 व्या वर्षाचा गुणक 172.52. होतात 15,52,680 रुपये. मृत्यू झाला तर 50 टक्के धरतात, 7,500 गुणिले तोच गुणक. देय तारखेपासून महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर दरसाल 12 टक्के व्याज. सबळ कारण नसताना उशीर केला तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही. आता 50 हजारांचा कागद पुन्हा बघा.

यात टक्का कशाचा, ही गोष्ट नीट समजून घ्या. फुप्फुसाची ताकद किती टक्के गेली हा एक आकडा. कमावण्याची ताकद किती टक्के गेली हा दुसरा. भरपाई दुसऱ्यावर मिळते. फुंकण्याच्या तपासणीत 40 टक्के घट आली, पण माणूस सोळा वर्षं ग्राइंडरच चालवत होता आणि आता बादलीभर पाणी उचलून दोन पावलं टाकता येत नाहीत, तर त्याच्या कामासाठी नुकसान पूर्ण आहे असं मांडता येतं. सत्तरच्या दशकातला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल यासाठी नेहमी दाखवला जातो. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून नुकसान शंभर टक्के धरलं गेलं. डॉक्टरांकडून दाखला घेताना ‘धुळीचं आणि अंगमेहनतीचं कोणतंही काम करण्यास कायमचे अक्षम’ असं खरं असेल तर स्पष्ट लिहून मागा. नुसता टक्का पुरत नाही.

मुदत दोन वर्षांची आहे. अशा आजारात ‘अपघाताची तारीख’ म्हणजे आजारामुळे सलग गैरहजेरीचा पहिला दिवस. तुमच्या बाबतीत 12 मे 2025. म्हणजे मे 2027 च्या आत अर्ज दाखल व्हायला हवा. ईएसआयचा निर्णय त्याआधी आला नाही तर वाट बघत बसू नका, वकिलांना सांगून आयुक्तांकडे अर्ज टाकून ठेवा. उशीर झाला तर कारण पटवून माफ करून घेता येतो, पण त्या भरवशावर राहायला नको. आणखी एक सांगायला हवं, कारण असे वाचक पुष्कळ असतील : काम सोडल्यावर दोन वर्षांच्या आत लक्षणं सुरू झाली, तर लक्षणं पहिल्यांदा लक्षात आली ती तारीख धरतात. म्हणून जुने केसपेपर टाकू नका.

कारखान्याला नोटीस या आठवड्यातच पाठवा. वकील मिळेपर्यंत थांबू नका, साधं पत्र चालतं :

‘मी (नाव, पत्ता) आपल्या कारखान्यात (साल) पासून 11 मे 2025 पर्यंत फेटलिंग विभागात हँड ग्राइंडरवर ठेकेदार (तिघांची नावं) यांच्यामार्फत सलग काम केले. तेथील वाळूच्या धुळीमुळे मला सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार झाला असून 12 मे 2025 पासून मी कामावर जाऊ शकलेलो नाही. कायद्यानुसार देय भरपाई द्यावी.’

खाली सही, तारीख. कारखाना आणि शेवटचा ठेकेदार, दोघांना वेगवेगळं पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा. फक्त ठेकेदाराला पाठवायची चूक करू नका. उद्या तो फोन उचलायचा बंद झाला की दावा लटकतो. फेटलिंग हे फौंड्रीचं रोजचं मूळ काम आहे, म्हणून भरपाई कायद्याच्या कलम 12 खाली मूळ कारखानदार जबाबदार धरला जातो. त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावं, तो त्यांच्यातला हिशेब. ठेकेदार बदलले म्हणून घाबरू नका. एकाहून जास्त मालकांकडे काम झालं असेल तर वाटणी कशी करायची ते आयुक्त ठरवतात.

नोटीस मिळाल्यावर तीन दिवसांत कारखाना स्वतःच्या खर्चाने तपासणीला बोलावू शकतो. जा. नाकारलं तर हक्क थांबतो. सोबत घरचं कुणी तरी असू द्या आणि रिपोर्टची प्रत मागा.

आता पुरावा. अशा दाव्यांत आजार सिद्ध करणं त्या मानाने सोपं जातं. अवघड जातं ते ‘हा माणूस इथेच, याच धुळीत, इतकी वर्षं होता’ हे सिद्ध करणं. गुजरातमधल्या गोध्र्याच्या क्वार्ट्झ (गारेचा दगड) दळणाऱ्या कारखान्यांत काम करून आलेले मध्य प्रदेशातल्या अलिराजपूर-झाबुआ भागातले आदिवासी मजूर सिलिकोसिसने गेले, त्यांच्याकडे हजेरीची चिठ्ठीसुद्धा नव्हती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग, मग सर्वोच्च न्यायालय, असं करत 2006 सालच्या याचिकेत 2016 मध्ये 238 मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी 3 लाख द्यायचा आदेश झाला. दहा वर्षं लागली, आणि तेही माणसं गेल्यावर.

तुमच्याकडे मात्र कागद निघतील, शोधा. पीएफ कापत असतील तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पासबुकात महिन्यागणिक नोंद आणि आस्थापनेचं नाव येतं. बँक पासबुकात पगार कुणाच्या नावाने जमा झाला ते दिसतं. जुना गेटपास, ओळखपत्र, बोनसची चिठ्ठी, सेफ्टी शूज मिळाल्याची पावती, खंडेनवमीला मशीनपुढे काढलेला फोटो, सुपरवायझरचे ‘उद्या सेकंड शिफ्टला या’ असे मोबाइलवरचे निरोप, सगळं चालतं. फोन बदलला असेल तर जुना विकू नका. सोबत काम केलेल्या दोघा-तिघांची प्रतिज्ञापत्रं घ्या. जे अजून तिथेच कामाला आहेत ते बिचकतील, त्यांना भरीस घालू नका. काम सोडून गेलेले जास्त मोकळं बोलतात. गेटपासवर नाव किंवा आडनाव वेगळं पडलं असेल तर ते आत्ताच वकिलांना सांगा.

उरलेलं माहितीच्या अधिकारात मागा. अर्जाला 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. एक अर्ज कामगार आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात : या कारखान्याने कोणकोणत्या ठेकेदारांची, किती कामगारांसाठी, कोणत्या साली नोंद केली. दुसरा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या विभागीय कार्यालयात : गेल्या दहा वर्षांतले तपासणी अहवाल, धुळीच्या मोजमापाचे अहवाल, फेटलिंग विभागातल्या कामगारांच्या वैद्यकीय तपासणीच्या नोंदी. ‘नोंद उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तरी निराश होऊ नका. धोक्याच्या कामात वैद्यकीय तपासण्या करायच्या असतात, त्यांची नोंदच नाही हे तुमच्या बाजूचं आहे. सिलिकोसिस हा कळवण्याजोगा आजार आहे, निदान करणाऱ्या डॉक्टरांनीही तो कारखाने निरीक्षणाच्या यंत्रणेला कळवायचा असतो. तुमच्या डॉक्टरांना तशी विनंती करा आणि कळवलेल्या पत्राची प्रत घ्या.

वैद्यकीय बाजूला खरा अडथळा टीबीचा. साच्यात लोखंड ओतलं की वाळूचा थर कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, भाजून चिकटतो. ग्राइंडरने तो घासताना डोळ्यांना दिसते ती जाड धूळ, ती पुष्कळशी खाली बसते. न दिसणारी, काही मायक्रॉनची, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. तोंडाला बांधलेला रुमाल ती अडवत नाही. तिने होणाऱ्या गाठी एक्सरेवर बहुधा वरच्या भागात दिसतात आणि टीबीचे डागही तिथेच येतात. कामाची चौकशी न करता फिल्म वाचली की केसपेपरवर ‘जुना टीबी’ पडतं. म्हणून थुंकीचे सगळे रिपोर्ट काढा. सीबीनॅट (थुंकीत टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आणि कोर्स दोनदा पूर्ण करूनही डाग तसेच किंवा वाढलेले, ही माहिती निदानाला बळ देते. टीबीच्या औषधांची नोंद ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर असते, सरकारी दवाखान्यातून तिची प्रत मिळेल. आणि खरंच दोन्ही असले, सिलिकोसिसवर टीबी, तरी दावा जात नाही. सिलिको-टीबी कायद्याच्या यादीत आहे, फक्त अपंगत्वाला सिलिकोसिस हे मुख्य कारण असायला हवं. विडी ओढत होते हा मुद्दा निघेलच. विडीने दमा वाढतो, पण सिलिकोसिसच्या गाठी विडीने होत नाहीत.

डॉक्टरांकडून हे घ्या : समोरून काढलेल्या पूर्ण आकाराच्या डिजिटल एक्सरेचं आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) पद्धतीने वाचन (1/0, 2/1 अशा आकड्यांत), फुंकण्याची तपासणी, शक्य असेल तर एचआरसीटी (फुप्फुसाचा बारकाईचा सीटी स्कॅन) आणि सहा मिनिटं चालण्याची तपासणी. केसपेपरवर ‘फौंड्री, फेटलिंग, 16 वर्षं, वाळूची धूळ’ हे शब्द यायलाच हवेत. ते नसले की निदान अधांतरी राहतं. दाखला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या छातीरोग विभागातला असेल तर उत्तम, कारण सुनावणीत डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं आणि नुसता कागद बऱ्याचदा मानत नाहीत. जुन्या फिल्म एकमेकींना चिकटू देऊ नका, मध्ये कोरा कागद घाला, उन्हात आणि ओलीत ठेवू नका. पाच वर्षांपूर्वीची आणि आजची फिल्म शेजारी ठेवली की वाढ दिसते.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा 15100 ला फोन करा. स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो. जे मिळेल त्यातला टक्का मागणाऱ्या मध्यस्थांच्या नादी लागू नका.

मिस्टरांना आता धुळीत जाऊ देऊ नका, अर्ध्या दिवसाच्या कामालाही नाही. हा आजार बरा करणारं औषध नाही आणि धूळ थांबली तरी तो वाढू शकतो. वजन उतरलं, संध्याकाळी ताप आला, थुंकीत रक्त आलं तर पुन्हा टीबीची तपासणी लगेच. सिलिकोसिस झालेल्याला टीबी फार लवकर गाठतो.

आणि मुलाचं. त्याला त्या जागेवर पाठवू नका. घरात पगार नाही, हातात आलेलं काम नाकारणं किती कठीण आहे हे कळतं. पण ग्राइंडर तोच आहे आणि वाळूही तीच. त्याच वसाहतीत काम हवंच असेल तर मशीन शॉप, पॅकिंग, स्टोअर असं मागू द्या. रुजू होताना स्वतःच्या नावाचं नेमणूकपत्र घ्यायचं, पहिल्या महिन्यातच ईएसआय आणि पीएफचे क्रमांक मागायचे, आणि कामाला लागण्याआधी छातीचा एक एक्सरे काढून घरी ठेवायचा.